एक्केचाळीस नंबरचं पीक

"घ्या की ताई, लाजताय काय," म्हणत त्या बाईंनी माझ्या हातात स्टीलची ताटली ठेवली. त्यांच्या कोपराच्या खोबणीत अजून कापसाचा बोळा होता. पाचच मिनिटांपूर्वी मालन सिस्टरनी त्यांचं रक्त काढलं होतं. ताटलीत शाबूची खिचडी होती आणि तिच्यात दाण्याचा कूट अगदी सढळ हातानं घातलेला.

"तुमचं झालं?" मी सहज विचारलं.

"आमी मघाशीच खाऊन आलोय की समद्याजणी."

माझा घास तोंडाशी थांबला. "मघाशी म्हणजे? रक्त द्यायच्या आधी?"

"व्हय. रिकाम्या पोटी सुई टोचली तर चक्कर यायची न्हवं?"

"पण फॉर्मवर तर तुम्ही उपाशी आहात असं लिहिलंय."

"उपास हायच की! मार्गशीर्षातला गुरुवार हाय आज." बाई माझ्याकडे काळजीनं बघायला लागल्या. एवढं शिकलेल्या मुलीला गुरुवार कळत नाही, याची त्यांना कीव आली असावी.

मी मालन सिस्टरना हाक मारली. समाजमंदिराच्या दुसऱ्या टोकाला त्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. आमच्या हॉस्पिटलच्या गावोगावच्या शिबिरांचं सगळं काम त्यांच्या एकटीच्या अंगावर होतं. वय सत्तेचाळीस, आवाज खणखणीत, आणि शीर शोधण्यात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

"सिस्टर, या सगळ्यांनी खाल्लंय."

"छ्या! अन्नाचा कण न्हाई कुनाच्या पोटात. मी सोता इचारलंय एकेकीला, उपास हाय न्हवं म्हणून."

"मग ही खिचडी?"

सिस्टरनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शाबू म्हंजे काय अन्न व्हय, ताई?"

बायका खो खो हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काही सुचेना.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीपासून तासाभरावरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी संशोधन करत होते. स्त्रियांच्या अंडाशयाचा कर्करोग फार उशिरा कळतो. पोट फुगायला लागतं तोवर हातातून गेलेलं असतं. तो आधीच रक्तावरून ओळखता येईल का, हा आमचा प्रश्न होता. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. त्यातली प्रथिनं आमचं यंत्र वजनाप्रमाणं वेगळी करायचं आणि कागदावर उंचसखल रेघ काढायचं. त्या रेघेतल्या प्रत्येक टोकाला आम्ही इंग्रजीतला 'पीक' हाच शब्द वापरायचो. सिस्टरना तो भारी आवडायचा. "काय ताई, यंदा पीक कसं आलंय?" असं विचारत त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहायच्या.

पीक झकास आलं होतं. शेकडो टोकांमधलं एक्केचाळीस नंबरचं टोक निरोगी बायकांत उंच यायचं आणि रोगी बायकांत खाली बसायचं. दोनशे नमुन्यांत जवळजवळ चुकत नव्हतं. माझ्या मार्गदर्शक सबनीस मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. आयुष्यभर शोधलेली गोष्ट शेवटच्या वर्षी हाती लागली म्हणून त्या पोरीसारख्या खूश होत्या. माझा प्रबंधही त्या एका टोकावर उभा होता.

आता ते टोक कशाचं होतं, हे मला समाजमंदिरात उभ्या उभ्या कळलं. रोगी बायकांचं रक्त आम्ही ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घ्यायचो. त्यांच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही नसायचं. निरोगी बायका मात्र शाबू, शेंगदाणे आणि तूप खाऊन यायच्या. एक्केचाळीस नंबर रोगानं खाली बसत नव्हता. तो दाण्याच्या कुटानं वर चढत होता.

आणि उपासाच्या दिवशी शिबिरं घेण्याची कल्पना सिस्टरनी मांडली, तेव्हा टेबलावर थाप मारून ती उचलून धरणारी मीच होते. बायका आयत्या उपाशी मिळतात, परत बोलवायला नको. फॉर्मवर 'उपाशी: हो / नाही' असा रकाना आखणारीही मीच. मी जैनांच्या घरातली. आमच्याकडे उपवास म्हणजे उपवास. पर्युषणात आई दिवसभर उकळलेल्या पाण्यावर असायची, तेही दिवस मावळेपर्यंतच. शाबू मला माहीत नव्हता असं म्हणायची सोयच नाही, शाळेत मैत्रिणींच्या डब्यातला मी चाटूनपुसून खाल्लाय. पण फॉर्मवर 'हो'समोर खूण दिसली की माझ्या डोळ्यांपुढं आई यायची, मैत्रिणींचा डबा यायचा नाही. कितीतरी नळ्यांतलं सीरम ताकासारखं गढूळ असायचं. ते यंत्रात फिरवून वरचा थर काढून टाकावा, असं आमच्या पद्धतीत लिहिलं होतं आणि मी तो इमानेइतबारे काढून टाकत होते. ते गढूळ का, हा प्रश्न मी चार वर्षांत एकदाही विचारला नाही.

परतताना जीपमध्ये मी त्या दिवसाचे फॉर्म पुन्हा चाळत होते. सिस्टर बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ताई, शाबूनं काय बिघडतंय व्हय?"

"बघावं लागेल."

"माझं बी रक्त मॅडमनी घातलं हुतं की यंत्रात. एक्केचाळीस चांगलं उंच आलंय म्हणाल्या. देवच पावला."

मला ते ठाऊक होतं. यंत्र मीच चालवलं होतं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसलेल्या, पण नक्की काय ते कळत नसलेल्या अकरा बायका आमच्या यादीत होत्या. त्यांचं शिबिरातलं रक्त तपासून मॅडमनी सगळ्यांना धीर दिला होता, 'घाई नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.' मालन सिस्टर त्यातल्या एक होत्या. सर्जन ऑपरेशन करून घ्या म्हणत होते आणि सिस्टरनी ते लेकीच्या लग्नापर्यंत, म्हणजे वैशाखापर्यंत पुढं ढकललं होतं.

"तुम्ही रक्त कधी दिलंत?"

"नवरात्रात. नऊ दिवस उपास हुता न्हवं माझा."

"त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

"काय खानार? वरीचा भात आन् दाण्याची आमटी." त्या हसल्या. "पर आमटीवर तवंग असा, की तोंड दिसावं."

जीप उसाच्या ट्रॉलीमागं अडकली होती, पुढंही जाता येत नव्हतं आणि बाजूलाही होता येत नव्हतं.

दोन दिवसांनी मी माझंच रक्त काढून घेतलं. सकाळी आठला, आमच्या पद्धतीचा कडक उपास करून. मग हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये खास सांगून करवलेली दोन ताटल्या शाबूची खिचडी खाल्ली आणि साडेदहाला पुन्हा रक्त दिलं. दुपारी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सकाळी आठ वाजता मला कर्करोग होता. साडेदहाला मी ठणठणीत बरी झाले होते.

ते कागद घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेले होते.

"ये, ये. तुलाच बोलावणार होते," मॅडम म्हणाल्या. समोर आमच्या शोधनिबंधाचा मसुदा होता. "लेखकांच्या नावात मी मालनचं नाव घालतेय. हसतील लोक, एका सिस्टरचं नाव म्हणून. हसू देत. ती नसती तर इतक्या बायका आपल्याला कुठून मिळाल्या असत्या? तिला अजून सांगू नकोस हं. छापून आल्यावर दाखवू."

मी फाइल छातीशी धरून उभी राहिले.

"काय गं, काही काम होतं?"

"नाही मॅडम. सहज आले होते."

इतकं सोपं होतं ते. दाराबाहेर आले तेव्हा माझी मलाच किळस आली. सांगितलं तर मॅडमचं आयुष्यभराचं काम मातीत जाणार, सिस्टरचं नाव खोडलं जाणार, माझी चार वर्षं जाणार. नाही सांगितलं तर सिस्टरच्या पोटातली गाठ वैशाखाची वाट बघत बसणार. जिकडं वळावं तिकडं भिंत. मग त्या भिंतीत मला एक भोक सापडलं. आपण फार हुशार आहोत असंही त्या क्षणी वाटलं, हे कबूल करते.

"सिस्टर, तुमचं रक्त परत एकदा हवंय," मी दुसऱ्या दिवशी म्हटलं. "पण संध्याकाळी सहानंतर काही खायचं नाही. सकाळी येईपर्यंत फक्त पाणी."

"उपास धरू?"

"तुमचा नको. आमचा धरा."

"जैनाचा उपास? मेले की मी!" म्हणाल्या, पण धरला.

एक्केचाळीस नंबर अर्थातच खाली बसला. पाण्यावर राहिलेल्या कुणाचाही बसला असता. मी तो कागद सिस्टरपुढं ठेवला आणि बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला.

"दोन महिन्यांत इतकं उतरलं?"

"हो."

"म्हंजे त्योच हाय?"

"ऑपरेशन करून घ्या, सिस्टर. थांबू नका."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मॅडमना नगा सांगू लगेच. पोरीच्या सासरी आधी मी सांगते."

आठवड्याभरात ऑपरेशन झालं. आणि गाठ खरोखरच कर्करोगाची निघाली. लहान होती, एका बाजूला होती, कुठं पसरली नव्हती. सर्जन म्हणाले, वैशाखापर्यंत थांबल्या असत्या तर काही सांगता आलं नसतं. मला रडू फुटलं. आपण एक माणूस वाचवलं, असं मनाला सांगत मी जिन्यात बसून पोटभर रडले.

तिथंच मॅडमनी मला गाठलं. धावत आल्या होत्या त्या, साठीच्या बाई. "त्रिशला! अगं, मालननं आत्ता सांगितलं, एक्केचाळीसनं पकडलं! आधी उंच होतं, गाठ वाढली तसं उतरलं. याहून मोठा पुरावा काय हवा?" त्यांनी मला मिठी मारली. माझे हात दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. भिंतीतल्या ज्या भोकातून मी बाहेर पडले, ते थेट आतल्या खोलीत उघडत होतं.

त्यानंतर काही सांगायचं म्हणजे आधी सिस्टरना सांगणं आलं, की मी तुमच्याशी खोटं बोलले. टाके ओले आहेत, म्हणून थांबले. टाके सुकले, मग औषधं चालू आहेत म्हणून थांबले. उरलेल्या दहा बायकांची यादी माझ्या खणात होती. सहा महिन्यांनी त्यांची तपासणी होणारच आहे, असं मी स्वतःला रोज समजावत होते. तो खण मी उघडायचंच बंद केलं.

संक्रांतीनंतर ट्रस्टनं हॉस्पिटलच्या सभागृहात हळदीकुंकू ठेवलं. आसपासच्या गावांतून तीनशे बायका आल्या. वाण म्हणून स्टीलचे डबे होते, आणि मुख्य वक्त्या होत्या मालन सिस्टर. डोक्याला स्कार्फ बांधून, खुर्चीवर बसून त्या बोलल्या.

"बायांनो, आपण दुखणं अंगावर काढतो. मी सिस्टर असून काढत हुते. पर या ताईंच्या यंत्रानं मला वाचवलं. आता लाजायचं न्हाई. येत्या चतुर्थीला हितंच शिबिर हाय. समद्यांनी या. उपास असतोयच, येगळं काय करायचं न्हाई."

टाळ्या पडल्या. नावं नोंदवायला रांग लागली ती दारापर्यंत. मॅडम माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "दीडशे नळ्या मागवून ठेव गं."

मी नळ्या मागवल्या नाहीत. रांग संपेपर्यंत एका खांबाला टेकून उभी राहिले. मग प्रयोगशाळेत जाऊन दोन्ही कागद काढले, मॅडमच्या खोलीत गेले आणि टेबलावर ठेवले.

"कुणाचं रक्त?" मॅडमनी विचारलं.

"माझं."

"दोन्ही?"

"हो. अडीच तासांच्या अंतरानं. मधे शाबूची खिचडी खाल्ली होती."

मॅडमना दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

"मग मालनचं?"

मी तेही सांगितलं.

"कधी कळलं तुला हे?"

"परवा," मी म्हटलं.

मॅडमनी कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "तारीख छापलेली असते, त्रिशला."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं. त्या ओरडल्या नाहीत. निबंधाचा मसुदा खणात टाकला आणि म्हणाल्या, "मालनला बोलाव. माझ्यासमोर सांग तिला."

सिस्टर हळदीकुंकवाच्या साडीतच आल्या. मी सगळं सांगितलं. उपास, कूट, जैनाचा उपास, कागद. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हंजे माझा रोग यंत्राला कळलाच न्हवता," अखेर त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुमी मला खोटं सांगितलं."

"हो."

"माझ्यासाठी खोटं बोललात, त्याच्याबद्दल तुमचं पाय धरीन मी, ताई. मी आज जित्ती हाय ती त्या खोट्यामुळं." त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "पर त्या बाकीच्या धा जणींसाठी कोन खोटं बोललं?"

मॅडम फोनकडे वळल्या आणि सर्जनना लावायला लागल्या. सिस्टर खुर्चीच्या हाताला धरून उठल्या.

"यादी काढा. आन् जीप सांगा."

"सिस्टर, तुम्ही नका येऊ. तुमची तब्येत..."

"मीच इचारलं हुतं त्यांना, उपास हाय का म्हणून. तुमाला घरं बी सापडायची न्हाईत."

दोन दिवस आम्ही गावं पालथी घातली. प्रत्येक दारात सिस्टर आधी बसायच्या, पाणी मागायच्या आणि म्हणायच्या, "आमचं चुकलं, बाई. परत तपासायला चल." कुणी घाबरलं, कुणी शिव्या दिल्या. एका सासऱ्यानं आम्हांला अंगणातूनच परत पाठवलं, तिथं सिस्टर दुसऱ्यांदा गेल्या आणि सुनेला घेऊनच आल्या. पुढच्या तपासण्यांत त्यातल्या नऊ जणींच्या गाठी साध्या निघाल्या. मॅडमनी ट्रस्टला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं आणि त्यात दोष स्वतःचा म्हटला. माझा प्रबंध आणखी तीन वर्षांनी झाला, दुसऱ्याच विषयावर.

दहावं घर नदीकाठच्या मळ्यात होतं. शेवंताबाई नावाच्या, चाळिशीच्या. त्या बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या आणि लुगड्याच्या गाठीवर पोट आलेलं दिसत होतं. सिस्टरनी ते दारातूनच पाहिलं. त्या आत गेल्या, बाजेवर बसल्या, पण त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांना बोलता येईना. म्हणून मी बोलले. तपासणी चुकीची होती, रिपोर्ट खरा नव्हता, आत्ताच आमच्याबरोबर चला.

शेवंताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला वाटलंच. संक्रांतीपास्नं फुगाय लागलंय. पर रिपोट चांगला हाय म्हणून घरात समदी म्हणाली, ग्यास असंल." मग त्यांनी विचारलं, "तुमाला कवा कळलं, चुकलंय म्हणून?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. या घरात कुठल्याच कागदावर तारीख छापलेली नव्हती. परवा म्हटलं असतं तर तेही त्यांनी खरं मानलं असतं.

"मार्गशीर्षात," मी म्हटलं.

शेवंताबाईंनी बोटांची पेरं मोजली. एकदा मोजली, मग पुन्हा मोजली. चेहऱ्यावर राग नव्हता, हिशोब जुळत नसल्यासारखा गोंधळ होता फक्त.

"मार्गशीर्षात मी रानात तण भांगलाय जात हुते," त्या म्हणाल्या. "तवाच यायचं की, बाई."